जुन्या मांडणीवर मायनिंग रिग: बीडमधल्या घरात बिटकॉइनचं गणित बसतं का?

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा घरी आला. अंबाजोगाईला आयटीआय करतो, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड. मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, "दादा, ह्याच्यात मायनर बसंल का?"

फोटोत स्टीलची जुनी मांडणी होती. घरी नवीन ट्रॉली बसवली की जी अंगणात जाऊन पडते, तीच. ताटं उभी करायच्या खाचा, वर डबे ठेवायचे कप्पे. एका रीलमध्ये त्याने कोणीतरी लाकडी कपाटात मायनिंग मशीन बसवलेलं पाहिलं होतं. खाली लिहिलं होतं, 'घरबसल्या बिटकॉइन'. एक जण त्याला ॲन्टमायनर एस९ हे जुनं मशीन बारा हजारांना द्यायला तयार होता. पैसे वडिलांच्या सोयाबीनचे.

मी त्याला लगेच 'नको' म्हणालो नाही, कारण २०२२ मध्ये मी स्वतः अशाच मांडणीवर रिग बांधली होती. तीही सोयाबीनच्याच पैशावर, फक्त ते माझ्या मामांचे होते. तेव्हा काय झालं आणि आज तेच करायचं ठरवलं तर काय होईल, हे आकड्यांसकट सांगतो.

आधी समजून घेऊ: मशीन नेमकं करतं काय?

बिटकॉइनच्या व्यवहारांची वही कोणत्याही एका बँकेकडे नसते. साधारण दर दहा मिनिटांनी त्या वहीत एक नवीन पान, म्हणजे ब्लॉक, जोडला जातो. पान जोडायचा मान कोणाला, हे एका अंदाजाच्या खेळावर ठरतं. आकडे फिरवायचं कुलूप डोळ्यासमोर आणा. नंबर माहीत नाही, त्यामुळे एकेक करून सगळे लावून बघायचे. मायनिंग मशीन हेच करतं, फक्त प्रचंड वेगाने. एस९ सेकंदाला साडेतेरा लाख कोटी अंदाज लावतो. या वेगाला हॅशरेट म्हणतात आणि एस९ चा हॅशरेट लिहितात १३.५ टेराहॅश.

ज्याचा अंदाज बरोबर लागतो, त्याला नवीन बिटकॉइन मिळतात. २००९ मध्ये एका ब्लॉकला ५० मिळायचे. दर चार वर्षांनी हा आकडा निम्मा होतो. एप्रिल २०२४ पासून तो ३.१२५ आहे. दिवसाला साधारण १४४ ब्लॉक धरले तर सगळ्या जगाला मिळून रोज ४५० बिटकॉइन. घरातल्या रिगपासून टेक्सासमधल्या गोदामांपर्यंत सगळ्यांना यातूनच वाटा घ्यायचा आहे.

सुरुवातीला साध्या कॉम्प्युटरवर हे जमायचं. मग गेमिंगची ग्राफिक्स कार्डं आली. २०१३ च्या आसपास फक्त याच कामासाठी बनवलेली मशीन बाजारात आली, ज्यांना ॲसिक म्हणतात. एस९ हे २०१६ चं ॲसिक. त्या काळात ते चांगलंच होतं.

मांडणीच का?

खरं सांगायचं तर कल्पना वाईट नाही. रिगला बंद डबा चालत नाही, चारी बाजूंनी हवा लागते. मांडणी उघडी असते, मजबूत असते आणि फुकट असते. जगभर लोकांनी दुधाचे क्रेट, पुस्तकांची शेल्फं, लोखंडी रॅक वापरून रिग बांधल्या आहेत.

आम्ही दोघे होतो, मी आणि माझा मामेभाऊ. जानेवारी २०२२. आईने काढून टाकलेली मांडणी, जुन्या शोकेसची एक फळी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे. तीन सेकंडहँड ग्राफिक्स कार्डं घेतली, अठ्ठ्याहत्तर हजारांची. तेव्हा कार्डांचे भाव चढेच होते. ग्राफिक्स कार्डावर बिटकॉइनचं मायनिंग केव्हाच परवडेनासं झालं होतं, म्हणून आम्ही इथेरियम करत होतो.

पहिली चूक पहिल्याच दिवशी कळली. स्टीलला हात लावला की मुंग्या यायच्या. घराचं अर्थिंग नावालाच होतं. मामांनी वायरमनला बोलावून नवीन अर्थिंग करून घेतलं, तेव्हा कुठे मांडणी हात लावण्यासारखी झाली. जो कोणी धातूच्या फर्निचरवर काही बांधणार असेल, त्याने खर्चाच्या यादीत पहिलं नाव अर्थिंगचं लिहावं.

दुसरी गोष्ट बिलावर दिसली. रिग साधारण ४०० वॉट खायची. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे २८८ युनिट. आमचं घर शंभर युनिटच्या आत असायचं. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० पर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. आम्ही एका महिन्यात पहिल्या टप्प्यातून उडी मारून तिसऱ्यात गेलो.

तरी सुरुवातीचे काही महिने वीज वजा जाता हातात थोडं उरत होतं. हे लपवायचं कारण नाही. पण मग भाव पडले. जूनमध्ये कमाई आणि बिल जवळजवळ सारखं झालं. मामा रोज संध्याकाळी येऊन मीटर बघायचे. एकदा म्हणाले, "मीटर तर फिरायलंय, पैसा कुठं फिरायलाय रे?"

आणि १५ सप्टेंबर २०२२ ला सगळं एका दिवसात थांबलं. इथेरियमने आपली पद्धतच बदलली. 'मर्ज' नावाच्या त्या बदलानंतर मायनिंगची गरजच उरली नाही. जगभरातली कार्डं एकदम विकायला निघाली. आमची तीन कार्डं बावीस हजारांना गेली.

आम्हाला कोणी फसवलं नव्हतं. हा बदल होणार हे कित्येक वर्षं जाहीर होतं. आम्ही कार्डाचा भाव पाहिला, कॉइनचा भाव पाहिला, पण हे किती दिवस चालणार आहे हे पाहिलंच नाही.

आता एस९ चा हिशोब मांडू

ऑक्टोबर २०२५ मध्ये एका बिटकॉइनने सव्वा लाख डॉलर ओलांडले, म्हणजे रुपयात एक कोटीच्या वर. नंतर भाव बराच उतरला, पण रील थांबल्या नाहीत. आपण हिशोबासाठी उदार होऊ आणि एक बिटकॉइन = एक कोटी रुपये धरू. गुणाकारही सोपा जातो.

२०२५ मध्येच सगळ्या नेटवर्कचा मिळून हॅशरेट एक झेटाहॅशच्या घरात गेला. म्हणजे शंभर कोटी टेराहॅश. त्यात आपल्या एस९ चे साडेतेरा.

रोजची कमाई = (तुमचा हॅशरेट ÷ नेटवर्कचा हॅशरेट) × ४५० × भाव

आकडे घातले की उत्तर येतं: दिवसाला सुमारे ६१ रुपये.

आता वीज. एस९ साधारण १३५० वॉट खातो. चोवीस तासांत ३२.४ युनिट. महिन्याला ९७२ युनिट, म्हणजे तुम्ही सगळ्यात वरच्या टप्प्यात. तरी आपण सरसकट १० रुपये युनिट धरू. रोजचे ३२४ रुपये.

कमाई ६१, खर्च ३२४. रोज २६३ रुपयांचा तोटा. महिन्याला सुमारे ७,९००.

याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने बघा. हे मशीन एका युनिट विजेतून १ रुपया ८७ पैसे काढतं. तुम्ही ते युनिट दहाला घेता. दहा रुपयांना घेतलेली वस्तू दोन रुपयांच्या आत विकायचं दुकान आपण टाकतोय, आणि तेही रात्रंदिवस उघडं.

मग जुनी एस९ मशीन विकायला का निघतात? कारण ज्यांना वीज आपल्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळते, त्यांनाही ती परवडेनाशी झाली. त्यांच्यासाठी जे भंगार, ते आपल्याला रीलवर संधी म्हणून दाखवलं जातं.

"एकट्याने चालवून नशीब आजमावलं तर?" हाही प्रश्न त्या मुलाने विचारला. वरच्याच आकड्यांनी एका एस९ ला एक ब्लॉक सापडायला सरासरी १४०० वर्षं लागतील.

नवीन मशीन घेतलं तर?

ॲन्टमायनर एस२१ हे बरंच नवीन मशीन. २०० टेराहॅश, ३५०० वॉट. त्याच भावाने रोजची कमाई ९०० रुपये, वीज ८४ युनिट म्हणजे ८४० रुपये. साठ रुपये उरले. मशीनची किंमत मात्र लाखांत.

आणि ते साठही उरत नाहीत, कारण टॅक्स. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर सेस. त्यात फक्त खरेदीची किंमत वजा होते. मायनिंगच्या साधनसामग्रीवरचा खर्च खरेदीची किंमत म्हणून धरला जाणार नाही, हे सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केलं. वीजबिल वजा करायचीही सोय नाही. म्हणजे ९०० रुपयांचं नाणं विकलं तर कर ६० वर नाही, जवळजवळ सगळ्या ९०० वर बसू शकतो, २७० च्या पुढे. तोटा झाला तर तो दुसऱ्या कमाईत वळवता येत नाही. विक्रीच्या व्यवहारांवर १ टक्का टीडीएस वेगळा.

थोडक्यात, बीडमधल्या घरगुती मीटरवर जुनं मशीन विजेमुळे बुडतं आणि नवीन मशीन करामुळे.

"पण आपल्या जिल्ह्यात तर वीज तयार होते!"

परळीचं औष्णिक केंद्र आपलंच आहे, मान्य. पण परळीत वीज बनते म्हणून ती परळीकरांना स्वस्त मिळत नाही. ती राज्याच्या जाळ्यात जाते आणि दर सगळीकडे वीज नियामक आयोग ठरवतो तेच. शिवाय ती वीज कोळशावर आणि पाण्यावर बनते. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, हे घरातल्या मोठ्यांना विचारा.

शेजारच्या भूतानमध्ये सरकारी कंपनी जलविद्युतवर मायनिंग करते. त्यांच्याकडे नद्यांची जादा वीज असते. आपल्याकडे तशी परिस्थिती नाही.

यावर गावात दोन 'जुगाड' सुचवले जातात. एक, शेतीपंपाच्या जोडणीवर मशीन लावायचं, कारण तिथे साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे. दोन, सरळ आकडा टाकायचा. दोन्ही करू नका. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याहून वेगळ्या कामाला वीज वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने वसुली होते. आकडा ही तर सरळ चोरी, कलम १३५, त्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे. जुलै २०२१ मध्ये मलेशियातल्या मिरी शहरात पोलिसांनी वीजचोरीच्या प्रकरणांत जप्त केलेली १,०६९ मायनिंग मशीन रोडरोलरखाली चिरडली होती. शिवाय एकाच डीपीवर ज्या शेजाऱ्याची मोटर आहे, त्याचं व्होल्टेज तुमच्या मशीनमुळे पडणार, हे वेगळंच.

सोलारचं काय? घरावर ३ किलोवॉट बसवलं तर दिवसाला साधारण १२ युनिट मिळतात. एस९ ला ३२ लागतात. आणि ते १२ युनिट मशीनला दिले तर त्याचे जेमतेम २२ रुपये होतात. तेच युनिट घरात वापरले किंवा नेट मीटरवर वळते केले तर त्याहून जास्त वाचतात.

उष्णता, आवाज आणि लाकूड

मशीन जेवढी वीज खातं तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. १३५० वॉट म्हणजे खोलीत चोवीस तास चालू असलेला हीटर. एस९ साठी आसपासचं तापमान ४० अंशांपर्यंत चालतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत काय होईल सांगायला नको. आवाज शेजारच्या खोलीत मिक्सर चालू ठेवल्यासारखा.

करंटही बघा. १३५० वॉट म्हणजे जवळपास ६ ॲम्पिअर, सतत. साध्या लहान सॉकेटची ती शेवटची मर्यादा. एक्स्टेन्शन बोर्डावर हे चालवणं म्हणजे आगीला निमंत्रण. बंद लाकडी कपाटात, प्लायवूडवर, कापसाच्या किंवा कडब्याच्या जवळ तर अजिबात नको. रीलमध्ये लाकडी कपाट छान दिसतं, पण त्या रीलमध्ये वायर किती गरम झाली ते दिसत नाही.

"मशीन तुमच्याकडे नको, आमच्याकडे ठेवा"

हा हिशोब सांगितला की समोरून पुढची ऑफर येते. घरात वीज महाग आहे ना? मग पैसे द्या, मशीन आम्ही लांब कुठेतरी चालवतो, महिन्याला परतावा घ्या. याला क्लाउड मायनिंग म्हणतात आणि मराठवाड्याला हा शब्द नवीन नाही.

गेनबिटकॉइन आठवतं? अमित भारद्वाजच्या त्या योजनेत गुंतवलेल्या बिटकॉइनवर महिन्याला १० टक्के, दीड वर्ष, असं आश्वासन होतं. पुण्यात आणि नांदेडमध्ये गुन्हे दाखल झाले. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुणे, नांदेड, कोल्हापूरसह देशभर साठहून जास्त ठिकाणी झडत्या झाल्या. लोकांचे पैसे अडकून इतकी वर्षं झाली आणि अजून तपासच चालू आहे.

वरचं सूत्र इथेही वापरा. मायनिंगची कमाई भावावर, नेटवर्कवर आणि विजेवर रोज बदलते. त्यातून ठरलेला मासिक टक्का देता येतच नाही. कोणी तसा टक्का सांगत असेल तर तो पैसा मशीनमधून नाही, तुमच्यानंतर आलेल्या माणसाच्या खिशातून येणार आहे.

आणि मोबाईलवर?

गूगलने जुलै २०१८ मध्येच प्ले स्टोअरवर फोनमध्ये मायनिंग करणाऱ्या ॲप्सना बंदी घातली. पाय नेटवर्कसारख्या ॲपमध्ये रोज बटण दाबतात, पण तिथे फोन बिटकॉइनसारखे अंदाज लावत नसतो. एखादं ॲप 'फोनवर बिटकॉइन मायनिंग' म्हणत असेल आणि पैसे काढण्यासाठी आधी 'फी' मागत असेल, तर अनइन्स्टॉल करा. त्याला आधार, पॅन देऊ नका.

मग त्या मुलाला काय सांगितलं?

मी त्याला घरचं लाईट बिल घेऊन यायला सांगितलं. बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानेच सगळा हिशोब केला. मी फक्त सूत्र दिलं. ६१ आणि ३२४ हे दोन आकडे एकाखाली एक आले, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला.

मग आम्ही दुसरी बोलणी केली. त्याला वायरिंग येतं, अर्थिंग तपासता येतं, लोड काढता येतो. सोलारच्या कामाला अशी पोरं लागतात. हार्डवेअरची हौस असेल तर भंगारातला कॉम्प्युटर आणून उघड, जोड, बिघडव. माझा मामेभाऊ रिगवर काही कमावू शकला नाही, पण त्या नऊ महिन्यांत पॉवर सप्लाय दुरुस्त करायला शिकला आणि आज त्याचं त्यावर दुकान आहे. ते शिकायला अठ्ठ्याहत्तर हजार लागत नाहीत, हे तोच सांगतो. मामांचे सगळे पैसे त्याने अजून फेडलेले नाहीत.

परवा त्या मुलाचा मेसेज आला: "दादा, तो नऊ हजाराला द्यायलाय आता. घेऊ का?"

मी लिहिलं, "फुकट दिलं तरी महिन्याला आठ हजार जातील. मशीनचा भाव सोड, मीटरचा बघ."

उत्तर म्हणून त्याने मांडणीचा नवीन फोटो पाठवला. अंगणातच होती. खाचांमध्ये ताटांच्या जागी त्याच्या आईने मिरचीची रोपं लावलेले डबे ठेवले होते.

तुमच्याही घरात असा बेत शिजत असेल तर वरचं सूत्र घ्या, त्या दिवशीचा भाव आणि नेटवर्कचा हॅशरेट टाका, आपल्या बिलावरचा युनिटचा दर टाका. दहा मिनिटांचं काम आहे. आणि हिशोब घरातल्या ज्या माणसाचे पैसे लागणार आहेत, त्याच्यासमोर बसून करा.